राखणदाराचा दोर

त्या सकाळी सारेथच्या घराचं दार फिरलं.

तसं ते प्रेक रोक गावात सगळ्यांचंच फिरलं. बांबूच्या तराफ्यांवर तरंगणारी अठरा घरं, प्रत्येकाच्या दारापुढे एक खुंट, खुंटाला दोर. पाणी येईल तिकडे दार आणि जाईल तिकडे पाठ, अशी ती उभी राहायची. सहा महिने दारं तळ्याकडे होती, कारण तळ्याचं पाणी शहराकडे आणि शहरावरून समुद्राकडे चाललं होतं. मग दूरच्या डोंगरांतून उतरलेली मोठी नदी फुगली, तिला स्वतःच्या पात्रात जागा पुरेना, आणि माहेरी शिरावं तशी ती उलट्या पावली तळ्यात शिरली. घरांनी तोंडं फिरवली. सारेथची बायको सोखोम हिनं दार ढकललं तर समोर शहराच्या बाजूचं आभाळ होतं, आणि हिरव्या पाण्यात तांबूस गढूळ पाण्याची जीभ हळूहळू लांब होत होती.

"पाणी वळलं!" ती ओरडली, आणि आधी उदबत्त्या शोधायला धावली.

घराघरांतून भांडी वाजली. यंदा पाणी वीस दिवस उशिरा आलं होतं. तळं आटून गुडघ्यावर आलेलं, मासा दिसेना, मासे आंबवून केलेल्या प्राहोकच्या मडक्यांचे तळ लागलेले. म्हाताऱ्यांनी पाण्यात भाताचे मुटके सोडले, बायका एकमेकींच्या अंगावर पाणी उडवायला लागल्या. सारेथ तेवढा घराच्या मागच्या टोकाला गेला, तिथून पुढे आला, पुन्हा मागे गेला.

पाण्यावरच्या घरात मनातलं लपत नाही. जमिनीवरचा माणूस येरझारा घालतो तेव्हा तो एकटाच हिंडतो. इथं तो या टोकाला गेला की ते टोक दबतं, फडताळातल्या वाट्या सरकतात, आणि त्याची लाट शेजाऱ्याच्या उंबऱ्याला जाऊन लागते.

"बोंग सारेथ!" शेजारच्या घरातून थोल ओरडला. बोंग म्हणजे दादा; बायकोही नवऱ्याला तसंच म्हणे. थोल त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, पण तोंडानं गावात सगळ्यांत थोरला. "पाणी वळलं, आता तुम्ही पण जरा बसा की एका जागी! चैत्रापासून तुमच्या लाटांनी माझं कोंबडं ओकतंय!"

"तुझं कोंबडं प्राहोक चोरून खातं, म्हणून ओकतं," सोखोमनं परस्पर उत्तर दिलं. मग ती नवऱ्याकडे वळली आणि आवाज उतरवून म्हणाली, "बोंग, खरं सांगा. पाणी येत नव्हतं तोवर मला वाटलं पाण्याची काळजी आहे. आता पाणी आलं. आता कसली?"

"काही नाही गं. दोर बघतोय."

"दोर पुढे आहे. तुम्ही मागे बघताय."

सारेथ पुढे येऊन दोर चाचपायला लागला. त्याला पाणी यायला हवं होतं, आणि यायला नकोही होतं. पाणी रोज वीतभर चढणार होतं. महिन्याभरात तळं पसरून काठच्या रानात शिरणार, वारा मोठा होणार, लाटा उठणार; आणि दरवर्षीसारखी अठरा घरं ओढून नेऊन निवराच्या राईच्या आडोशाला बांधली जाणार. राईतली झाडं गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहतात आणि लाटा छातीवर घेतात. मधोमध राखणदाराचं झाड. चौघांच्या कवेत न मावणारं, त्याच्या बेचक्यात शेंदरी कापड गुंडाळलेला लहानसा देव्हारा. गावाचा पहिला दोर त्याला आणि मग बाकीचे इतरांना, ही रीत.

आणि त्या झाडाखाली मूळ उरलेलं नाही, हे त्या गावात एकट्या सारेथला ठाऊक होतं.

झालं होतं असं. चैत्रात, रान कोरडं ठणठणीत असताना, तो मध काढायला राईत गेला होता. दोन झाडांच्या मधे त्यानं तिरपा सोट बांधून ठेवलेला असे; आग्या माश्या त्याच्यावर मोहोळ धरत. वाळक्या काटक्यांची जुडी पेटवून त्यानं धुरी दिली, माश्या उठल्या, मधाचं पोळं कापून टोपलीत घेतलं, आणि हातातली धुमसती जुडी खाली टाकून दिली.

खाली न बघता.

पाण्यावर जन्मलेला माणूस विस्तव टाकताना खाली बघत नाही. आईच्या मांडीवर असल्यापासून त्यानं पाहिलेलं असतं की चुलीतलं लाकूड, उदबत्तीचं टोक, विडीचं थोटूक घराच्या कडेवरून टाकायचं असतं. खालून चर्र आवाज येतो, संपलं. चाळीस वर्षं त्याचा हात तेच करत आला होता. त्या दिवशीही हातानं तेच केलं. कानांनी मात्र चर्र ऐकलं नाही, आणि आपण ते ऐकलं नाही हे त्याच्या ध्यानात आलं तिसऱ्या दिवशी, घरी, जेवताना. घास तसाच ठेवून तो होडी घेऊन सुटला.

आग कुठंच दिसत नव्हती. झाडं हिरवी होती. फक्त जमिनीतून, पालापाचोळ्याच्या जाड थराखालून, भुशाच्या शेगडीसारखा बारीक धूर येत होता. विस्तव खाली उतरला होता. वर्षानुवर्षं पुरानं आणून टाकलेला पाला, त्याची झालेली माती, तिच्यात गुंतलेली मुळं, हे सगळं तो आतल्या आत खात चालला होता. सारेथनं होडीतल्या डब्यानं पाणी आणून ओतलं. रोज जाऊन ओतलं. घरी सांगितलं, मोहोळं बघायला जातो. सतराव्या दिवशी वळिवाची सर पडली आणि धूर थांबला. त्यानं राखणदाराच्या बुंध्याशी हात घातला तर तो खांद्यापर्यंत पोकळीत गेला. बोटांना कोळसा लागला. अशी नऊ झाडं.

मग त्यानं जे केलं ते त्याला त्या जुडीपेक्षा जड गेलं. त्यानं आजूबाजूचा पाला गोळा केला आणि भोकांवर नीट पसरला.

कारण प्रेक रोकात रान जाळणाऱ्याचा दोर तोडतात. मारत नाहीत, शिवी देत नाहीत. कोयत्यानं दोर तोडतात आणि घर पाण्यावर सोडून देतात. तेरा वर्षांपूर्वी एकाचं सोडलं होतं. त्याची बायको दारात बसून लांब लांब जाताना सगळ्यांनी पाहिली होती. सोखोमनंही.

उपोसथाच्या व्रताच्या दिवशी विहारात, म्हणजे गावच्या तरंगत्या विहाराच्या पडवीवर, सगळे पंचशील घ्यायला बसले. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. सारेथचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. मी खोटं कुठं बोललोय, तो मनात म्हणाला. मला कुणी विचारलंच नाही. पण शेजारी बसलेल्या सोखोमनं मान न वळवता डोळे त्याच्याकडे फिरवले.

मग ता यिन गायला बसले. ता म्हणजे आजोबा. ते गावाचेच आजोबा होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे, दात एक नाही, पण प्रवचन गाऊन सांगायला लागले की तळ्यावरच्या होड्या वल्ही उचलून थांबत. रडवेल्या, लांब ताणलेल्या सुरात ते धर्म सांगत, आणि मधेच स्वतःचं काही जोडत. त्या दिवशी त्यांनी पाण्याचंच घेतलं:

*दूर बर्फाचा डोंगर उन्हानं पाझरला,*
*पाझर चालत चालत माझ्या दारी आला.*
*दारचं पाणी शिरलं निवराच्या मुळी,*
*मुळीचं फूल झालं, पाण्यावर पडलं सकाळी.*
*फुलामागं फळ, फळ खाई मासा, मासा भरी ताट,*
*सांग माणसा, यातली सुटेल कुठली गाठ?*

मुळी हा शब्द त्यांनी इतका लांबवला की सारेथला तो आपल्या खांद्यापर्यंत आत गेल्यासारखा वाटला. तो उठला. पडवी हलली. म्हातारे थांबले.

"काय रे, बसवत नाही का?"

"लघवीला, ता."

"जा बाबा. तीही कुठून तरी आलीच, कुठंतरी जाईलच," ता यिन म्हणाले, आणि सगळी पडवी हसून डुलली.

गाव हलवायच्या दोन दिवस आधी गावाची मुखिया रोअन हिच्या घरी बैठक झाली. पन्नाशी ओलांडलेली बाई, नवरा वादळात गेलेला, हाताचे तळवे दोरानं घासून सुपारीसारखे टणक. सगळे तिला मिंग म्हणत, मावशी.

"मिंग," सारेथ म्हणाला, "यंदा राईला नको जाऊया. पूर्वेच्या ओढ्याच्या तोंडाशी बांधू. खुंट ठोकून."

"का?"

"पाणी उशिरा आलंय. उशिराचं पाणी जोरात येतं."

"म्हणून तर झाडाला बांधायचं, खुंटाला कशाला? ओढ्याच्या तोंडाशी अर्धा वारा अंगावर येतो. तुला काय झालंय? तू माझ्या बापाकडून पाणी बघायला शिकलेला माणूस."

"बोंगना राखणदारानं दम दिला असेल," थोल म्हणाला. "मधातला वाटा दिला नाही म्हणून."

सगळे हसले. सारेथही हसला. त्या हसण्याची चव त्याच्या तोंडातून दोन दिवस गेली नाही.

हलायच्या दिवशी पहाटेपासून पश्चिमेला ढग साठत होते. तीन मोटारहोड्या पुढे, मागे एकामागोमाग घरं, घरांबरोबर कोंबड्यांचे खुराडे, कुंड्यांतल्या मिरच्या, दोरीवरचे कपडे, पिंजऱ्यातल्या मरळी, आणि मधोमध विहार. पोरं या घरातून त्या घरात उड्या मारत होती. सोखोमनं चूल पेटवली होती. चालत्या घरात भात शिजवायची तिला सवय होती. सारेथ दाराशी दोर गुंडाळत होता, सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता.

"बोंग," ती भात ढवळता ढवळता म्हणाली, "चैत्रात तुम्ही सतरा दिवस मोहोळं बघायला गेलात. मध एकाच दिवशी आणलात."

त्याच्या हातातला दोर थांबला.

"मी मोजत होते," ती म्हणाली. "विचारलं नाही. म्हटलं, सांगतील."

"सोखोम, दोर तोडतील गं आपला."

तिनं डाव बाजूला ठेवला. ती उकळत्या भाताकडे बघत राहिली. तिला काय काय दिसलं असेल ते त्यालाही दिसलं: दारात बसलेली ती दुसरी बाई, लांब लांब जाणारी.

"मग भात आधी होऊ दे," ती म्हणाली. "उपाशी कुठं जायचं?"

राई आली. झाडं माणसाच्या गळ्याएवढ्या पाण्यात उभी होती, हिरवीगार. निवराच्या लाल फुलांचे लोंबते गजरे पहाटे गळून पाण्यावर पसरले होते. पाणी तांबूस, त्यावर फुलं लाल. इतकं सुंदर दिसत होतं की सारेथनं नजर वळवली. घरं झाडांसमोर अर्धवर्तुळात थांबली. दोर टाकण्याआधी झाडाची क्षमा मागायची, ही रीत. ता यिन विहाराच्या पडवीच्या टोकाला आले, त्यांनी हात जोडले, आणि सुरात म्हणायला लागले. त्यांच्यामागे सगळं गाव.

"राखणदारा, तुझी फांदी मोडली, क्षमा कर."

"क्षमा कर."

"तुझं पान तोडलं, तुझं फळ घेतलं, तुझ्या सावलीत भांडलो, क्षमा कर."

"क्षमा कर."

ता यिन थांबले. तिथंच संपायचं. रोअन हातात पहिल्या दोराचं वेटोळं घेऊन तयार होती. आणि त्या शांततेत एक आवाज पुढे निघाला, त्याच सुरात, पण चिरका:

"तुझी मुळं जाळली. क्षमा कर."

कुणीतरी सवयीनं 'क्षमा कर' म्हणून गेलं आणि मधेच थांबलं.

सारेथ आपल्या दारात गुडघ्यांवर बसला होता. आता त्याला थांबता येईना. जुडी, सतरा दिवस, नऊ झाडं, खांद्यापर्यंत गेलेला हात, वर पसरलेला पाला. सगळं बोलून झालं तेव्हा फक्त मोटारहोड्यांची फटफट ऐकू येत होती.

"खोटं," थोल म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता. "झाडं हिरवी आहेत की, बोंग. वर बघा ना."

"वर बघून काय कळतंय? राखणदाराला हात लावू नका. त्याच्या डावीकडचं तिसरं झाड ओढून बघा."

रोअननं त्या झाडाला दोर टाकला आणि दोन होड्यांना खूण केली. मोटारी गुरगुरल्या. दोर ताठ झाला. जेमतेम दहा श्वास. मग ते झाड, हिरव्या पानांसकट, फुलांसकट, म्हाताऱ्या माणसानं खाटेवर कलंडावं तसं आडवं झालं. मोडण्याचा आवाजही आला नाही, कारण मोडायला काही उरलंच नव्हतं. बुंध्याचा तळ पाण्यावर आला. काळा, पोकळ. आतून कोळसे निघून लाल फुलांमधून वाहत घरांच्या दाराशी आले.

एका बाईनं पोराला उराशी घट्ट धरलं. तिच्या घराचा दोर दरवर्षी त्याच झाडाला असे.

रोअन होडीनं सारेथच्या दाराशी आली. तिच्या हातात कोयता होता. सोखोम उठून नवऱ्याच्या शेजारी येऊन बसली.

"चैत्रात सांगायचं होतंस," रोअन म्हणाली.

"हो, मिंग."

"माझा नवरा असाच गेला. सुटलेल्या दोरापायी. तुला ठाऊक होतं."

"होतं."

पश्चिमेकडे आभाळ वाजलं. तिनं तिकडे पाहिलं, मग सतरा घरांकडे, मग कोयत्याकडे.

"ता!" ती ओरडली. "काय करू याचं?"

ता यिनना ऐकू कमी येई, पण एवढं ऐकू आलं. "मला विचारू नकोस बाई, मला राग आलाय," ते म्हणाले. "रागातला माणूस धर्म सांगत नाही. आधी वाऱ्याचं बघ. आणि त्या राखणदाराचं बघ. तो पडला तर?"

"तो कसा धरायचा? आपण त्याला धरायचं की त्यानं आपल्याला?"

"इतकी वर्षं त्यानं धरलं," म्हातारे म्हणाले. "दोर तर तेच आहेत ना? नाहीतरी यंदा रिकामेच आहेत."

रोअननं कोयता होडीत टाकला. "दोर लांब सोडते," ती सारेथला म्हणाली, "तोडत नाही. ओढ्याच्या तोंडाशी सगळ्यांत बाहेर तुझं घर. लाट आधी तुझ्यावर. आणि आता उतर पाण्यात."

मग जे काम झालं त्याला मोजमाप नाही. दोन होड्या घरं ओढत पूर्वेकडे, तिसरी राईत. सारेथ गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहून खुंट ठोकत होता, चारही दिशांना, आणि प्रत्येक खुंटापासून दोर राखणदाराच्या बुंध्याला. थोल वर चढून गाठी मारत होता. तो सारेथशी बोलत नव्हता. फक्त "ओढ", "सोड", "आणखी." शेवटच्या गाठीला त्याची बोटं सोलली, तेव्हा तो वरून म्हणाला, "माझं कोंबडं बिचारं उगीच बदनाम झालं." आणि खाली उतरला.

वारा संध्याकाळच्या आत आला आणि तीन दिवस राहिला.

सगळ्यांत बाहेरचं घर म्हणजे काय ते सारेथला आणि सोखोमला त्या तीन दिवसांत कळलं. भांडी दोरीत बांधून ठेवली, चूल पेटली नाही, दोघांनी कोरडा भात आणि प्राहोक खाल्लं. प्रत्येक लाट आधी त्यांच्या भिंतीवर फुटत होती आणि मग, जोर निम्मा झालेली, आतल्या घरांकडे जात होती. सारेथ दोर बघायला रांगत पुढे जायचा, रांगत मागे यायचा. घर आता त्याच्यामुळे हलत नव्हतं. सोखोम एकदा त्याला म्हणाली, "बसा आता, तुमच्या येरझारा तळंच घालतंय." तो बसला, आणि भिंतीला टेकल्या टेकल्या त्याला झोप लागली. चैत्रानंतरची पहिली. लाटेनं डोकं भिंतीवर आपटायचं, तो जागा व्हायचा, पुन्हा झोपायचा.

चौथ्या दिवशी वारा पडला. राईत आठ झाडं आडवी होती. गाव तिथं बांधलेलं असतं तर अठरातली किती घरं उरली असती, हे कुणी बोलून दाखवलं नाही. राखणदार उभा होता, थोडा कललेला, चारी बाजूंनी दोरांत. तो जगेल की नाही, हे पाणी उतरेपर्यंत कुणालाच सांगता येणार नव्हतं. पाणी उतरायला कार्तिक. तोवर सारेथ रोज होडी घेऊन जायचा. पाणी वीतभर चढलं की बुंध्यावरची गाठ वीतभर वर घ्यायचा, नाहीतर ती पाण्याखाली जाईल आणि घट्ट करता येणार नाही. येताना पाण्यावर तरंगणारी निवराची फळं गोळा करून आणायचा. फळं टोपल्यात भिजत पडलेली असत. पाणी ओसरेल तसतशी ती चिखलात एकेक खोचायची होती. नऊ झाडांच्या जागी किती लावायची, हे त्यानं रोअनला विचारलं. ती एवढंच म्हणाली, "हात थकतील तितकी." त्यानंतर पुष्कळ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

गाव मात्र बोलायला लागलं. आधी थोल. एका संध्याकाळी सोखोम चुलीतलं जळकं लाकूड घेऊन कडेला आली, तेवढ्यात त्याच्या घरातून आरोळी आली:

"खाली बघितलंस का?"

सोखोमचा चेहरा उतरला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. सारेथनं तिच्या हातातून लाकूड घेतलं, कडेवर ओणवा झाला, खाली वाहणारं तांबूस पाणी नीट पाहिलं, आणि लाकूड त्यात बुडवून चर्र आवाज येईपर्यंत धरून ठेवलं.

"बघितलं!" तो ओरडला.

दुसऱ्या दिवशी तीच आरोळी तीन घरांतून आली. आठवडाभरात ती गावाची सवयच झाली. संध्याकाळी चुली विझायच्या वेळी कुणीही कुणालाही विचारायचं. बायका सुनांना, पोरं बापांना. ता यिन विहाराच्या पडवीवरून ते सुरात विचारत, अक्षर लांबवत लांबवत, आणि अठरा घरांच्या कडांवर अठरा माणसं ओणवी होऊन खाली बघत. खाली पाणी तळ्याकडे चाललेलं असे, जलपर्णीचे पुंजके घेऊन, दोरांना थरथरवत.

सगळ्यांत शेवटी उत्तर बाहेरच्या घरातून येई. "बघितलं!"

एका संध्याकाळी ते उत्तर आल्यावर ता यिन थांबले नाहीत. "कोणी विचारलं रे तुला?" त्यांनी पुन्हा हाक दिली.

"तुम्हीच की, ता!"

"मी नाही," म्हातारे म्हणाले. "मी आज खोकतोय. मिंग रोअननं विचारलं तुला."